तुसातील गारगोटी : एका टाकाऊ वस्तूचा इतिहास

आपल्या मराठी भाषेत निरुपयोगी, पोकळ व व्यर्थ अशा गोष्टीस 'फोल' म्हणतात. श्रम फोल ठरले, आशा फोल झाली, असे आपण नित्य बोलतो. हा शब्द खळ्यातून आणि उखळापासून आला आहे. भात कांडून तांदूळ घरात घ्यावयाचा आणि वरचे टरफल वाऱ्यावर सोडावयाचे. ते टरफल म्हणजे फोल, म्हणजेच तूस. ज्या वस्तूच्या नावावरूनच निरर्थकपणाला नाव मिळाले, त्या वस्तूपासून गेल्या शतकात पोलादाहूनही कठीण असा पदार्थ निर्माण झाला आणि जेट विमानांच्या इंजिनांचे भाग कातणाऱ्या हत्यारांत तो जाऊन बसला. हा इतिहास आपल्या कुंभार समाजाच्या स्मरणिकेत येणे आम्हांस विशेष उचित वाटते. माती आणि अग्नी यांचा संयोग हा आपला वंशपरंपरेचा व्यवसाय होय, आणि प्रस्तुत कथा त्याच संयोगाची आहे.

'सिरॅमिक' हा इंग्रजी शब्द आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. त्याचे मूळ ग्रीक भाषेतील 'केरामोस' या शब्दात असून त्याचा अर्थ कुंभाराची माती असा आहे. पूर्वी सिरॅमिक म्हणजे मडकी, कौले, विटा, चिनी मातीची भांडी एवढेच समजत. विसाव्या शतकात या शब्दाची व्याप्ती वाढली. ज्यांत माती मुळीच नाही, परंतु जे भुकटीच्या रूपाने घेऊन, आकार देऊन, तीव्र उष्णतेत भाजून सिद्ध केले जातात, अशा अनेक कठीण व उष्णतासह पदार्थांनाही सिरॅमिक म्हणू लागले. त्यांतील विशेष गुणांच्या पदार्थांना 'प्रगत सिरॅमिक' असे नाव पडले. आकार देणे, वाळविणे, भाजणे ही क्रमव्यवस्था मात्र चाकावरच्या मडक्याचीच राहिली, हे ध्यानात ठेवावे.

तुसाचा आणि आपला संबंध फार जुना आहे. विटांच्या मातीत तूस किंवा उसाचे चिपाड मिसळण्याची पद्धत आपल्या बांधवांना सांगावयास नको. भट्टीत ते आतल्या आत जळते, त्यामुळे वीट सर्वांगी भाजली जाते, आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहिल्याने ती हलकीही होते. मडक्याच्या मातीत घोड्याची लीद घालण्याचा हेतू वेगळा. लिदीतील गवताचे बारीक तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात आणि वाळताना तिला तडा जाऊ देत नाहीत. तुसाची राखही वाया जात नसे. तिची राखुंडी करून दात घासण्याची चाल अनेक घरांतून होती. ती राख दातांना व भांड्यांना स्वच्छ करी, कारण तिच्यात खरखरीतपणा होता. तो खरखरीतपणा कोठून आला, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नसे.

आणखी एक गोष्ट भट्टीपाशी बसणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडलेली आहे. कागद जळला की त्याची चिमूटभर राख होते व फुंकरीने उडून जाते. तूस पूर्ण जळले तरी राखेत तुसाचाच आकार शिल्लक राहतो. होडीसारखे ते टरफल पांढरे होऊन तसेच पडलेले असते. जो भाग जळावयाचा तो जळून गेला, मग हा सांगाडा कशाचा? आमच्या या लेखाचा सर्व इतिहास या एका प्रश्नाच्या उत्तराचा आहे.

उत्तराची पहिली पायरी आपल्याच देशातील एका वस्तूने घालून दिली. बांबूच्या पेरांत कधीकधी पांढरा, निळसर झाक असलेला खडा सापडतो. त्यास वंशलोचन म्हणतात. आयुर्वेदातील सितोपलादि चूर्णात ते पडते, म्हणून वैद्यांच्या दुकानी त्याला मोल होते. आंध्र किनाऱ्यावरील विशाखापट्टणम् येथे राहिलेले डॉ. पॅट्रिक रसेल यांनी सन १७९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या पदार्थाची माहिती मांडली. पुढील वर्षी, १७९१ मध्ये, जेम्स मेसी या तरुण रसायनशास्त्रज्ञाने त्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले, आणि हा वनस्पतीच्या पोटातील खडा गारगोटीच्याच जातीचा आहे असे दाखवून दिले. हेच मेसी पुढे जेम्स स्मिथसन या नावाने ओळखले गेले व त्यांच्या संपत्तीतून अमेरिकेत स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. सन १७९९ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी वेत, गवत व धान्यांची ताटे यांच्या बाहेरच्या सालीतही हीच गारगोटी असल्याचे सिद्ध केले. दोन वेत अंधारात एकमेकांवर घासले असता प्रकाश चमकतो, हे एका मुलाच्या खेळातून दिसून आले, आणि तेथूनच डेव्हींच्या शोधास आरंभ झाला. गारगोट्या घासल्या असताही तसाच प्रकाश पडतो, हे आपल्यापैकी अनेकांनी बालपणी पाहिले असेल.

गारगोटीतील या द्रव्यास शास्त्रात सिलिका म्हणतात. वाळू प्रायः याचीच असते व मडक्याच्या मातीतही ते मोठ्या प्रमाणात असते. आता दगडातील सिलिका भाताच्या रोपात कशी शिरते? मातीतील पाण्यात तिचा अत्यल्प अंश विरघळलेला असतो. तो सर्वच वनस्पतींच्या मुळांशी येतो, परंतु भाताचे रोप तो जणू हात पुढे करून घेते. जपानमधील ओकायामा विद्यापीठाचे प्राध्यापक जियान फेंग मा व त्यांचे सहकारी यांनी सन २००६ मध्ये भाताच्या मुळांतील ते विशिष्ट द्वार, आणि ते घडविणारे जनुक, शोधून काढले. मुळांतून वर चढलेले हे पाणी पानांतून व टरफलांतून उडून जाते, आणि सिलिका मागे राहून तेथे थिजते. तिच्यामुळे ताट ताठ राहते, पानांना धार येते, आणि किडीला टरफल कुरतडणे जड जाते. अर्थात तूस हे दाण्याचे चिलखत आहे, आणि ते खरोखरीच दगडाचे आहे.

आम्ही आयुष्यभर मुलांना गणिते घातली, तेव्हा येथेही एक घालतो. एक हजार किलो भात भरडले तर सुमारे दोनशे किलो तूस निघते. ते पूर्ण जाळले तर सुमारे चाळीस किलो राख राहते. या राखेत शंभरांत नव्वद भागांच्या आसपास सिलिका असते, म्हणजे छत्तीस किलो धरू. ही सिलिका आपल्या शेतकऱ्याच्या खाचरातून एका हंगामात उचललेली असते, आणि तिच्या दळणाचा खर्च कोणास करावा लागत नाही. कारण रोपानेच ती अत्यंत सूक्ष्म कणांच्या रूपाने रचून ठेवलेली असते.

आता कथेचा दुसरा धागा घेऊ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतातील मोनोंगाहेला या गावी एडवर्ड ॲचेसन नावाचे संशोधक कृत्रिम हिरे बनविण्याच्या खटपटीत होते. सन १८९१ मध्ये त्यांनी लोखंडाच्या भांड्यात माती आणि दगडी कोळशाच्या कोकची भुकटी एकत्र करून तिच्यातून विजेचा प्रबळ प्रवाह सोडला. निवाल्यावर कोळशाच्या कांडीस काही चकचकीत कण चिकटलेले आढळले. त्या कणांनी काच कापली जाऊ लागली. माती वापरलेली असल्यामुळे हा कार्बन व मातीतील ॲल्युमिना, म्हणजेच कोरंडम, यांचा संयोग असावा असे समजून त्यांनी त्यास कार्बोरंडम हे नाव दिले. पृथक्करणाअंती तो कार्बन व सिलिकॉन यांचा संयोग, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, ठरला; नाव मात्र तेच राहिले. सन १८९३ मध्ये ॲचेसन यांना त्याचे पेटंट मिळाले. मातीऐवजी वाळू घेऊन नायगारा धबधब्याच्या विजेवर त्याचे मोठे कारखाने चालू झाले. आपल्या गावच्या लोहाराकडे किंवा सुताराकडे हत्यारांना धार लावण्याचे जे काळे-करडे चाक असते, ते पुष्कळदा याच द्रव्याचे असते. काठिण्यात ते माणकाच्या वर आणि हिऱ्याच्या खाली बसते. निसर्गात ते इतके दुर्मिळ आहे की फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी म्वासां यांना ते ॲरिझोनातील एका उल्केत सापडले, तेव्हा त्याचे मोठे अप्रूप झाले.

या पदार्थास लागतात केवळ दोन द्रव्ये, सिलिका आणि कार्बन. दोन्ही एकत्र तापविली असता कार्बन हा सिलिकेतील प्राणवायू ओढून घेतो व सिलिकॉनशी स्वतः संयोग पावतो. परंतु वाळूचा कण आणि कोळशाचा कण कितीही मिसळले तरी ते शेजारी-शेजारीच बसतात. एकमेकांत शिरत नाहीत. म्हणून भट्टी फार कडक लागते आणि निघालेला ढेप्यासारखा पदार्थ पुन्हा फोडून दळावा लागतो. यावर उपाय अमेरिकेतील युटा विद्यापीठाचे प्राध्यापक आयव्हन कटलर यांनी शोधला. त्यांनी तुसाकडे पाहिले. तुसात सिलिका आहेच. आणि तूस हवा न लागू देता भाजले तर जो काळा कोळसा होतो, त्यात कार्बनही आहे. ही दोन्ही द्रव्ये रोपाने पेशीपेशीत इतकी निकट विणलेली आहेत की तसे मिश्रण माणसाच्या खलबत्त्यात होणे नाही. सन १९७३ मध्ये कटलर यांस तुसापासून सिलिकॉन कार्बाइड बनविण्याचे पेटंट मिळाले, आणि १९७५ मध्ये त्यांनी आपले सहकारी ली यांच्यासह या क्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला.

ती क्रिया भट्टीच्या माणसास सहज उमगेल अशी आहे. प्रथम तूस बंद भांड्यात हवेवाचून तापवावयाचे, म्हणजे धूर व तेलकट अंश निघून जातो व काळे कोळशी तूस उरते. मग ते सुमारे १५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावयाचे. आपला साधा आवा ८०० अंशांच्या आसपास पोहोचतो, म्हणजे हे तापमान त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. येथे सिलिकेचे सिलिकॉन कार्बाइड होते. आमच्या वरील गणिताप्रमाणे छत्तीस किलो सिलिकेस सुमारे साडेएकवीस किलो कार्बन पुरतो, आणि फार तर चोवीस किलो सिलिकॉन कार्बाइड मिळते. दोनशे किलो तुसाच्या कोळशात कार्बन याहून बराच जास्त असतो. तो उरलेला कार्बन शेवटी हवेत जाळून टाकला की फिकट, हिरवट-करडी भुकटी हाती येते.

या भुकटीत दोन प्रकारचे कण दिसले. काही साधे गोलसर होते, आणि काही सूक्ष्म सुयांसारखे लांबट. या सुयांना इंग्रजीत 'व्हिस्कर' म्हणजे मिशीचा केस असे नाव आहे. आपण त्यांस स्फटिकतंतू म्हणू. त्यांची जाडी डोक्याच्या केसाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असते. प्रत्येक तंतू हा एकच अखंड स्फटिक असल्यामुळे त्यात दोष अत्यल्प असतात, आणि म्हणून त्याचे बळ विलक्षण असते. अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना प्रांतातील ग्रीअर या गावी तुसापासून असे स्फटिकतंतू व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागले.

त्यांचा खरा उपयोग टेनेसी प्रांतातील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत दिसून आला. सिरॅमिकचा जन्मजात दोष आपणांस ठाऊकच आहे. ते कठीण असते, परंतु ठिसूळ असते. एक तडा गेला की तो क्षणात आरपार धावतो. हा दोष मडक्यात आहे तसाच ॲल्युमिनाच्या हत्यारातही आहे. जॉर्ज वेई यांनी ॲल्युमिनाच्या भुकटीत सिलिकॉन कार्बाइडचे स्फटिकतंतू मिसळून ते मिश्रण दाबाखाली भाजले. धावता तडा तंतूशी आला की तो अडतो, वळतो, किंवा तंतू ओढून काढण्यातच त्याचा जोर खर्ची पडतो. या मिश्रणाचे पेटंट १९८५ सालचे आहे. जेट इंजिनांत निकेलच्या ज्या चिवट मिश्रधातू वापरतात, त्या लालभडक तापल्या असतानाही अशा हत्यारांनी कातता येऊ लागल्या. लिदीच्या तंतूंनी ओल्या मातीला धरून ठेवण्यात आणि या तंतूंनी भाजलेल्या ॲल्युमिनाला धरून ठेवण्यात तपशिलाचा पुष्कळ भेद आहे. परंतु ठिसूळ वस्तूच्या रक्षणासाठी तिच्या पोटात तंतू घालावा, हा विचार दोन्हीकडे एकच आहे.

भारतातही हे काम झाले. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत कृष्णराव, गोडखिंडी व त्यांचे सहकारी यांनी तुसापासून स्फटिकतंतूंचे प्रमाण कसे वाढेल, याचा १९९० च्या सुमारास कसोशीने अभ्यास केला. पुढे अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत सईद कादरी व त्यांचे सहकारी यांनी भाताबरोबर गव्हाचे तूस व ज्वारीचा टाकाऊ भाग यांपासूनही सिलिकॉन कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण मिळविले. ज्वारीचे नाव वाचून सोलापूर-मराठवाड्याकडील आमचे बांधव कान टवकारतील, यात शंका नाही. तुसाच्या साध्या राखेचेही मोल आता वाढले आहे. वितळलेल्या पोलादाची उष्णता टिकावी म्हणून त्यावर ती पसरतात, सिमेंटमध्ये ती मिसळतात, आणि तिच्यातून काढलेली सिलिका मोटारींच्या टायरांतही घालतात.

येथे एका धोक्याचा उल्लेख करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. तूस मंद आचेवर, सुमारे ७०० अंशांच्या आत जाळले, तर राखेतील सिलिका काचेप्रमाणे अस्फटिक राहते. आच त्याहून बरीच वाढली व दीर्घ काळ राहिली तर ती स्फटिकरूप घेते, आणि अशी धूळ दीर्घकाळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांना सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. स्फटिकतंतूंची धूळ तर अधिकच घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने सन २०१४ मधील बैठकीत हे तंतू मनुष्यास कर्करोग होण्यास बहुधा कारण ठरणाऱ्या द्रव्यांत घातले. म्हणून कोणी उत्साहाने असा प्रयोग परसातल्या भट्टीत करू नये. तसेच वीटभट्टीवर राख चाळणाऱ्या आपल्या माताभगिनींनी नाकातोंडावर धूळ अडविणारा मुखपट्टा बांधावा, राख ओली करूनच हाताळावी, आणि लहान मुलांस तेथून दूर ठेवावे. ही खबरदारी न घेता काम करून घेणारा मालक तुसाची किंमत मजुराच्या आयुष्यातून वसूल करतो, असे म्हणणे भाग आहे.

या इतिहासापासून आपण काय घ्यावे? अलीकडे असे काही वाचनात आले की, हे सर्व आपल्या पूर्वजांस ठाऊकच होते, असे म्हणण्याची प्रथा पडू लागली आहे. आम्हांस ती मान्य नाही. आपल्या पूर्वजांना तुसाची राख ठाऊक होती, तिचा उपयोग ठाऊक होता, आणि तंतूने तडा अडतो हेही ठाऊक होते. ही विद्या लहान नव्हे. ती हातांनी मिळविलेली व हातांनी जपलेली विद्या आहे. परंतु सिलिकॉन कार्बाइड त्यांस ठाऊक नव्हते. त्यांना वजनकाटा, पृथक्करणशाळा व पुस्तक यांच्यापासून पिढ्यान् पिढ्या दूर ठेवण्यात आले होते, आणि ज्यांच्यापाशी पुस्तक होते त्यांस राखेत हात घालणे हलकेपणाचे वाटत असे. राख एकाच्या घरी आणि प्रश्न विचारण्याची सवड दुसऱ्याच्या घरी, अशी ही फारकत होती. खोटा अभिमान धरल्याने ती फारकत झाकली जाते, मिटत नाही.

दुसरी गोष्ट याहून निकडीची आहे. आपली मुले आज शिकत आहेत, पदव्या घेत आहेत, आणि ही मोठ्या समाधानाची बाब आहे. परंतु शिकलेल्या मुलास मातीचे नाव नको असते आणि मातीत काम करणाऱ्यास शिक्षण परवडत नाही, असे चित्र आम्हांस अनेक घरांतून दिसते. बापाने माती सोडू नये म्हणून मुलाने शाळा सोडावी, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. आमचे म्हणणे उलट आहे. माती, राख व अग्नी यांचे शास्त्र आज जगात मानाच्या स्थानी आहे. बनारस हिंदू विद्यापीठात सिरॅमिक विद्येचे शिक्षण सन १९२४ पासून दिले जाते. कोलकात्यास केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था सन १९५० पासून कार्य करीत आहे. अशा दारांतून आपल्या समाजातील किती मुलगे व मुली आत जातात, याचा विचार प्रत्येक शाखेने करावा. आमची विनंती एवढीच की, समाजाच्या शिक्षण-निधीतून प्रतिवर्षी निदान एका विद्यार्थ्यास किंवा विद्यार्थिनीस या विषयाच्या अभ्यासासाठी साह्य मिळावे, आणि त्याची निवड करताना ज्याच्या घरी अद्याप चाक किंवा भट्टी चालू आहे, अशा घरास अग्रमान द्यावा.

अशा घरातील मुलाने राखेतला तो पांढरा सांगाडा पुस्तकात वाचण्यापूर्वीच डोळ्यांनी पाहिलेला असतो. तो कशाचा, हे विचारण्याची सवय त्यास लावणे एवढेच शिक्षकाचे व समाजाचे काम आहे. आणि ते काम फोल जाणार नाही, अशी आमची खात्री आहे.